युद्धाचा खेळ मांडणारा लेफ्टनंट

कॉम्प्युटरवर लढाईचे गेम्स खेळला नाही असा मुलगा आपल्या हॉस्टेलवर शोधूनही सापडणार नाही. पण कॉम्प्युटर यायच्या शंभराहून जास्त वर्षं आधी एका लेफ्टनंटने खरं युद्ध टेबलावर मांडलं होतं, हे किती जणांना माहीत आहे? त्याचं नाव जॉर्ज फॉन राइसविट्झ. वॉरगेमच्या इतिहासात हे नाव पहिल्या पानावर असतं.

राइसविट्झ यांचा जन्म 1794 चा, प्रशियातला. वडील सरकारी अधिकारी, पण नाद युद्धाच्या खेळाचा. 1812 मध्ये त्यांनी राजाला एक मोठं टेबलच भेट दिलं. त्यावर डोंगर, नद्या, रस्ते असलेले तुकडे हवे तसे जुळवता यायचे. राजवाड्यात कौतुक झालं, पण खेळ तिथेच राहिला.

मुलगा तोफखान्यात गेला आणि त्याने वडिलांचा खेळ मुळापासून बदलला. आपल्या बुद्धिबळात दोन्ही सैन्यं समोरासमोर दिसतात आणि प्यादं मारायला गेलं की मरतंच. खऱ्या लढाईत असं कुठे असतं? म्हणून राइसविट्झ यांनी 1:8000 स्केलचे नकाशे घेतले. म्हणजे एक किलोमीटरला साडेबारा सेंटीमीटर! आमच्या रानशेतपासून डहाणू स्टेशनपर्यंतचा रस्ता या स्केलवर काढायचा तर हॉस्टेलचं टेबल पुरणार नाही. एक डाव म्हणजे दोन मिनिटांची लढाई. गोळीबारात किती माणसं पडतात हे चाचण्यांच्या आकड्यांवरून ठरवलेलं, आणि नशिबासाठी फासे. खेळाडूंनी हुकूम लिहून पंचाकडे द्यायचे, आणि शत्रूचं जेवढं दिसू शकेल तेवढंच पंच दाखवणार. आपण याला आज सिम्युलेशन म्हणतो.

1824 मध्ये सेनाप्रमुख म्युफ्लिंग यांच्यासमोर डेमो झाला. सुरुवातीला ते फारसे उत्सुक नव्हते. खेळ पुढे सरकला तसे ते रंगत गेले आणि शेवटी, हा खेळ नाही, हे तर युद्धाचं शिक्षण आहे, अशा अर्थाचं मत त्यांनी दिलं. लष्करी साप्ताहिकात त्यांनी शिफारस छापली आणि राजाच्या हुकमाने खेळ रेजिमेंटमध्ये पोचला.

पण टीकाही सुरू झाली. नियम फार, आकडेमोड फार, आणि पोरसवदा अधिकारी स्वतःला सेनापती समजायला लागतील, असं काही वरिष्ठांना वाटे. त्यात मत्सरही मिसळला. 1826 मध्ये राइसविट्झ यांची बदली बर्लिनहून तोर्गाऊला झाली. ती त्यांना शिक्षेसारखी लागली. 1827 मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. वयाची पस्तिशीही गाठली नव्हती.

खेळ मात्र मेला नाही. तरुण मोल्टके यांनी तो उचलून धरला. पुढे तेच सेनाप्रमुख झाले आणि प्रशियाने 1866 मध्ये ऑस्ट्रियाला व 1870-71 मध्ये फ्रान्सला हरवलं. मग इतर देशांच्या सैन्यांनीही हा खेळ घेतला. विजयाचं सगळं श्रेय खेळाला देणं बरोबर नाही, पण जगाने त्याकडे वळून पाहिलं ते त्यानंतरच. 1876 मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने जुनीच तक्रार पुन्हा काढली. नियमांचं ओझं कमी करा, अनुभवी पंचाला ठरवू द्या, असं त्यांचं म्हणणं. 1954 मध्ये अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी बोर्ड वॉरगेम बाजारात आणला. आजही अशा खेळांवर लिहिणारे याच मुद्द्यावर भांडतात: खरेपणा हवा की सोपेपणा?

मला वाटतं, दोन्ही बाजूंत तथ्य आहे. नियम जास्त झाले की खेळ रटाळ होतो हे खरंच आहे. पण राइसविट्झ यांच्या बाबतीत टीका खेळावर थांबली नाही, ती माणसापर्यंत गेली. पुढच्या प्रोजेक्ट व्हायवाला मित्राच्या मॉडेलमध्ये खोट जरूर काढा, पण त्या मॉडेलमागे रात्र-रात्र जागलेला एक माणूस उभा आहे, एवढं ध्यानात असू द्या.