बेडकाच्या पायापासून जिभेच्या नसेपर्यंत

लुइजी गाल्व्हानी यांचा जन्म १७३७ साली इटलीतल्या बोलोन्या शहरात झाला. ते पेशाने डॉक्टर होते. शरीररचना आणि प्रसूतिशास्त्र शिकवायचे. प्रयोगांत पत्नी लुचिया बरोबरीने राबायची.

जवळच्या विद्युतयंत्रातून ठिणगी पडताना मेलेल्या बेडकाच्या नसेला सुरी टेकलेली असली, तर पाय झटका देतो, असे त्यांना दिसले. पुढे पितळी आकड्याला अडकवलेले पाय लोखंडी गजाला टेकताच ठिणगीवाचूनही हलले. प्राण्यांच्या अंगातच वीज असते, हा निष्कर्ष त्यांनी १७९१ मध्ये छापला. तो पाहायला लुचिया हयात नव्हती.

पाव्हियाच्या अलेस्सांद्रो व्होल्टांना हे पटले नाही. त्यांच्या मते वीज दोन वेगळ्या धातूंची होती. गाल्व्हानींनी मग धातू न वापरता, नस थेट स्नायूला टेकवून पाय हलवून दाखवला. तरी १८०० मध्ये व्होल्टांची बॅटरी आली आणि सगळे श्रेय तिकडे गेले. तोवर गाल्व्हानी राहिले नव्हते. नेपोलियनने उभ्या केलेल्या राजवटीच्या निष्ठेची शपथ त्यांच्या श्रद्धेत बसेना. ती नाकारल्याने त्यांचे प्राध्यापकपद गेले आणि ४ डिसेंबर १७९८ रोजी ते वारले.

आज कळते, की दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. नसांचे काम शरीरातल्याच विजेवर चालते आणि बाहेरून दिलेला सौम्य प्रवाहही त्यांना जागे करतो.

याचाच उपयोग आता स्लीप अ‍ॅप्नियात होतो. या आजारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे ढळते, श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू घटतो. रात्रभर असे घडत राहिले तर रक्तदाब वाढतो, दिवसा गाडी चालवताना डुलकी लागते. मुख्य उपचार म्हणजे वजन घटवणे आणि हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र. ज्यांना त्याचा मास्क सोसत नाही, अशा निवडक रुग्णांसाठी अमेरिकेत २०१४ मध्ये एका उपकरणाला मान्यता मिळाली. ते छातीच्या कातडीखाली बसवतात. त्याची तार जिभेच्या नसेपर्यंत जाते. झोपताना रुग्ण रिमोटने ते सुरू करतो. श्वासागणिक जीभ किंचित पुढे सरकते आणि वाट मोकळी राहते.

शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागत नाही. मात्र घोरता घोरता श्वास थांबत असेल, तर गाढ झोप म्हणून दुर्लक्ष करू नका. झोपेची तपासणी करून घ्या.