राजे उमाजी नाईक : दरोडेखोर की क्रांतिवीर?



७ सप्टेंबरला आपण शाळेत राजे उमाजी नाईक यांची जयंती साजरी करतो. फोटोला हार घालतो, दोन मुलं भाषण करतात आणि कार्यक्रम संपतो. पण एखाद्या मुलाने मध्येच विचारलं की गुरुजी, ते दरोडे घालायचे ना, तर आपण काय उत्तर देणार? त्यासाठी त्यांचं आयुष्य नीट माहीत असायला हवं.

उमाजींचा जन्म १७९१ साली पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात भिवडी गावी झाला. वडील दादोजी खोमणे, आई लक्ष्मीबाई. समाज रामोशी. पुरंदर किल्ल्याची राखण हे या लोकांचं पिढीजात काम. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हे काम त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. १८१८ साली पेशवाई बुडाली, कंपनी सरकार आलं आणि उरलेली वतनंही धोक्यात आली. काल जे राखणदार होते, त्यांच्या घरात आज चूल पेटेना. मग काहींनी लूटमारीचा रस्ता धरला. उमाजीही त्यातच होते. हे मुलांपासून लपवायचं कारण नाही.

एका गुन्ह्यात त्यांना वर्षभर तुरुंगवास झाला. आपल्यासारख्या शिक्षकांनी इथे जरा थांबावं. त्या तुरुंगात उमाजी लिहायला-वाचायला शिकले! ना शाळा, ना पाटी, तरी अक्षरं शिकले.

पुढे सावकार, वतनदार आणि सरकारी खजिना हे त्यांचं लक्ष्य झालं. इंग्रजांच्या फौजा डोंगरात फिरून दमल्या. शेवटी १८२८ साली सरकारने त्यांना माफी देऊन नोकरीत घेतलं. पण ते तिथे फार दिवस रमले नाहीत. फेब्रुवारी १८३१ मध्ये त्यांनी जाहीरनामा काढला. इंग्रजांची चाकरी सोडा, त्यांना सारा देऊ नका, सगळ्यांनी मिळून एकाच वेळी उठाव करा, असा त्याचा आशय होता. पोटासाठी लुटणारा माणूस असा कागद काढेल का? मुलांना हाच प्रश्न विचारून बघा, वर्गात छान चर्चा होते.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. साधारण पन्नास वर्षं आधी, १७८० साली, दूर दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात तुपाक आमारू नावाच्या स्थानिक सरदाराने स्पेनच्या राजवटीविरुद्ध बंड केलं. त्यानेही आधी अर्ज-विनंत्या करून पाहिल्या होत्या. १७८१ मध्ये त्यालाही ठार मारण्यात आलं.

उमाजींना पकडण्यासाठी मोठं इनाम लावलं गेलं आणि जवळचीच माणसं फुटली. १५ डिसेंबर १८३१ रोजी भोरजवळच्या उत्रोळी गावात ते पकडले गेले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी दिली. त्यांच्यामागे लागलेल्या फौजेतला कॅप्टन मॅकिंटॉश याने पुढे रामोशी लोकांवर पुस्तक लिहिलं. म्हणजे पकडणाऱ्यानेच इतिहास लिहिला, आणि 'दरोडेखोर' हा शब्द पक्का होत गेला.

हा शब्द एका माणसापुरता राहिला नाही. इंग्रजांनी पुढे कायदा करून कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला. रामोशी समाज आज विमुक्त जातींच्या यादीत आहे. पण कायदा गेला तरी शिक्का गेला का?

आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाकडे होता, पुरंदर इथून लांब. तरी आमच्या नेकनूरच्या काय किंवा तुमच्या गावच्या काय, वर्गात विमुक्त समाजाची लेकरं असतात. पेन हरवलं की सगळ्या नजरा आधी कोणाकडे वळतात, हे आपल्याला माहीत आहे. पालकांनो, घरात बोलताना आपणही जातीचं नाव घेऊन काही बोलून जातो, ते मुलं ऐकत असतात.

म्हणून यंदा जयंतीला हार घालाच, पण ही गोष्ट पूर्ण सांगा. चूकही सांगा, कारणही सांगा आणि तुरुंगात गिरवलेली अक्षरंही सांगा. शेवटच्या बाकावरचं लेकरू ती ऐकून ताठ बसलं, तर जयंती खरी साजरी झाली असं समजा.