रुडॉल्फ डीझेल

बर्फानें वेढलेल्या बंदरांतून मोठमोठीं जहाजें ओढून काढणाऱ्या टगबोटीचें एंजिन ऐन वेळीं बंद पडलें, तर बोटीवरील माणसांचे प्राण संकटांत येतात. आज अशा बहुतेक बोटी ज्या एंजिनावर विसंबून असतात, त्याच्या जनकाचें अल्पचरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

रुडॉल्फ डीझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजीं पॅरिस येथें एका बव्हेरियन कारागिराच्या घरीं झाला. १८७० सालीं फ्रान्स व जर्मनी यांच्यांत युद्ध जुंपलें आणि ह्या कुटुंबास लंडनला जावें लागलें. तेथून बारा वर्षांच्या रुडॉल्फास शिक्षणासाठीं आउग्सबुर्ग येथें नातलगांकडे धाडण्यांत आलें. पुढें म्यूनिकच्या तंत्रशाळेंत त्यांनीं उत्तम यश मिळविलें. वाफेचें एंजिन कोळशांतील बहुतेक उष्णता वायां दवडितें, ही गोष्ट तेथेंच त्यांच्या मनास लागली.

हवा अतिशय दाबली असतां तापते. त्या तप्त हवेंत तेल सोडलें कीं तें ठिणगीवांचून पेटतें. तत्त्व साधें, पण तें लोखंडांत उतरविणें कठीण. १८९३ सालीं पहिल्याच प्रयोगांत दाबमापक फुटून तुकडे उडाले व डीझेल थोडक्यांत बचावले. चार वर्षें ते झटले. १८९७ च्या चाचणींत त्यांच्या एंजिनानें इंधनांतील उष्णतेपैकीं शेंकडा २६ भाग कामीं लावला.

कीर्ति झाली, पण खरी कसोटी पुढेंच होती. गिऱ्हाइकांकडे गेलेलीं पहिलीं एंजिनें वारंवार बिघडूं लागलीं. कांहीं परतहि आलीं. डीझेल यांची प्रकृति ढासळली. तथापि ठिकठिकाणच्या कारखान्यांनीं एकेक दोष शोधून काढला. १९१० सालीं आमुंडसेन यांच्या 'फ्राम' जहाजावर वाफेच्या एंजिनाऐवजीं १८० अश्वशक्तीचें डीझेल एंजिन बसलें व तें दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेस निघालें. आतां बॉयलर तापत ठेवण्याचें कारण नव्हतें. बर्फांत वाट उघडतांच एंजिन चालूं करतां येई.

२९ सप्टेंबर १९१३ च्या रात्रीं इंग्लंडला जात असतां डीझेल जहाजावरून नाहींसे झाले. पुढें त्यांचा देह समुद्रांत सांपडला. त्या वेळीं ते कर्जबाजारी होते. मृत्यूचें कारण कधींच उलगडलें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, चाचणीच्या एका दिवसानें डीझेल यांस कीर्ति मिळाली. परंतु एंजिनास विश्वास मिळाला तो मागाहून, अनेक अनामिक हातांच्या रोजच्या कष्टांनीं. परीक्षेच्या यशाबरोबर हा दुसरा गुणहि आपल्या अंगीं असावा, असें आम्हांस वाटतें.