आंदणात मुंबई देणारी राणी

आजचं वाचन एस्तेरच्या पुस्तकातून, अध्याय चौथा. परक्या राजाच्या महालात राहूनही आपल्या लोकांना आणि आपल्या देवाला न विसरलेली राणी. हे वाचताना मला नेहमी दुसरी एक राणी आठवते, कॅथरीन ऑफ ब्रगांझा. जिच्या लग्नात मुंबई आंदण गेली असं आपण शाळेत शिकलो ना, तीच. पुस्तकात तिची गोष्ट त्या एका ओळीत संपते. आज थोडी पुढची बघूया.

तिचा जन्म १६३८ चा, पोर्तुगालच्या कॅथलिक घराण्यात. १६६१ च्या तहाने तिचं लग्न इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरलं. पेच इथेच होता. इंग्लंडचा राजा हा तिथल्या चर्चचाही प्रमुख. प्रॉटेस्टंट धर्म सांभाळणं हे त्याचं कर्तव्य मानलं जायचं, आणि बायको तर पक्की कॅथलिक! म्हणून १६६२ मध्ये पोर्ट्समथला लग्न दोनदा लागलं: आधी गुपचूप कॅथलिक विधीने, मग सगळ्यांसमोर अँग्लिकन पद्धतीने. तिचा राज्याभिषेक मात्र कधीच झाला नाही.

तहात दोन गोष्टी लिहिल्या होत्या. राणीला स्वतःचं चॅपेल ठेवता येईल, आणि मुंबईतल्या कॅथलिक लोकांना आपला धर्म पाळता येईल. आपला वाकोला तेव्हा साष्टी बेटात, म्हणजे पोर्तुगीजांकडेच राहिला. माहीमच्या खाडीच्या एका बाजूला प्रॉटेस्टंट राजाचं राज्य, दुसऱ्या बाजूला कॅथलिक राजाचं.

लंडनमध्ये कॅथरीनचे दिवस सोपे नव्हते. मूल झालं नाही. नवऱ्याच्या इतर बायका दरबारात उघड वावरायच्या. १६७८ मध्ये तर टायटस ओट्स नावाच्या माणसाने आरोप केला की राणीच राजाला विष देणार आहे. तिचा धर्म हाच जणू पुरावा! तिला महालातून हाकला, अशी मागणी पार्लमेंटमध्ये झाली. चार्ल्स अनेक बाबतींत तिच्याशी वाईट वागला होता, पण इथे तो तिच्या पाठीशी उभा राहिला. घटस्फोटालाही त्याने नकार दिला. पुढे ओट्स खोटारडा ठरला. तोवर कितीतरी निरपराध कॅथलिक फासावर गेले होते.

१६८५ मध्ये मरणाच्या दारात चार्ल्सने स्वतः कॅथलिक धर्म स्वीकारला. त्याचा भाऊ जेम्स उघड कॅथलिक होता, त्याची गादी १६८८ मध्ये गेली. १६८९ पासून तर कायदाच झाला: राज्याभिषेकाच्या वेळी राजाने प्रॉटेस्टंट धर्म राखण्याची शपथ घ्यायची. कॅथरीन १६९२ मध्ये इंग्लंड सोडून मायदेशी निघाली. आयुष्याच्या शेवटी आजारी भावाच्या जागी तिने पोर्तुगालचा कारभारही पाहिला. ३१ डिसेंबर १७०५ रोजी लिस्बनमध्ये तिने देह ठेवला.

मला यात काय दिसतं सांगू? त्या काळी सगळ्यांना वाटायचं की धर्म टिकवायला गादी लागते. तलवार, कायदा, शपथ लागते. कॅथरीनकडे यातलं काहीच नव्हतं. होतं एक छोटं चॅपेल आणि रोजची मिस्सा. तरी तीस वर्षं, संशयाच्या नजरा झेलत, तिचा विश्वास टिकला. तिने सूड उगवला नाही, धर्म लपवलाही नाही.

आपल्यापैकी कुणी हॉस्टेलवर एकटं असेल, कुणाच्या ऑफिसात श्रद्धेची थट्टा होत असेल. त्यांनी आज एस्तेरचा हा अध्याय सावकाश वाचावा. आणि जिथे आपण बहुसंख्य असू, तिथे दुसऱ्याच्या चॅपेलसाठी, देवळासाठी, मशिदीसाठी जागा ठेवतो का, हेही स्वतःला विचारावं.

प्रार्थना: प्रभू, पाठीशी कुणी नसताना मला विश्वासात स्थिर ठेव, आणि हातात अधिकार आला की मला नम्र ठेव. आमेन.