कावसजीचे नाक आणि तुमच्या दातांमधली हिरडी

दोन दातांमधली हिरडी झिजून तिथे काळा त्रिकोण दिसू लागला, की तुम्ही विचारता, "डॉक्टर, हिरडी परत बसवता येते का?" उत्तर समजायला कावसजीची गोष्ट उपयोगी पडेल.

कावसजी कोण होता?

कावसजी हा शेतकरी मराठा, इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. पुढे तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेत आला आणि कंपनीचा पेन्शनर झाला. सुमारे वर्षभर तो नाकाविना राहिला.

मग पुण्याजवळच्या, विटा बनवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक दिले. मेणाच्या पातळ पत्र्याने माप घेऊन कपाळावर आखणी केली जाई. तेवढी कातडी सोडवून खाली वळवत आणि नाकाच्या जागी बसवत. मात्र भुवयांच्या मधली एक पट्टी जोडलेलीच ठेवत. सांध्यावर काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्या बसत. जोडपट्टी साधारण २५ व्या दिवशी कापत. मुंबई इलाख्यातल्या क्रूसो आणि फिंडले या डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली होती.

शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये, चित्रकार जेम्स वेल्स यांनी कावसजीचे चित्र काढले. त्याच वर्षी ही हकीकत लंडनच्या मासिकात छापली गेली. ती वाचून डॉ. कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तिथे अशी शस्त्रक्रिया केली.

तुमच्यासाठी याचा अर्थ

नवी जोडणी पक्की होईपर्यंत त्या पट्टीतून रक्त मिळाले, म्हणून नाक जगले. हिरडीलाही हाच नियम लागू आहे. हिरडीचे तज्ज्ञ टाळूतून ऊती घेऊन हिरडीखाली बसवतात. पण दातांमधली जागा फार लहान, रक्तपुरवठाही तुटपुंजा. म्हणून ती पूर्ण भरेलच अशी खात्री देता येत नाही. दात जिथे एकमेकांना टेकतात तिथून खालच्या हाडापर्यंतचे अंतर ५ मिमीपर्यंत असेल, तर आशा जास्त.

शस्त्रक्रियेआधी तंबाखू, मिश्री, विडी बंद करा, कारण तंबाखूमुळे जखम भरायला वेळ लागतो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा. हिरडीतून रक्त येत असेल तर आधी तो आजार बरा करून घ्या.