नस बधिर करणारा सर्जन

न्हाणीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेली म्हातारी परभणीच्या रुग्णालयात येते, तेव्हा तिला नुसते कुशीवर वळवले तरी ती कळवळते. कमरेत भुलीचे इंजेक्शन द्यायचे, तर वळवणे किंवा बसवणे भागच असते. म्हणून भूलतज्ज्ञ अनेकदा आधी जांघेजवळ औषध देऊन खुब्याकडे जाणाऱ्या नसा बधिर करतात. यालाच नर्व्ह ब्लॉक म्हणतात. त्याचा पाया घालणाऱ्यांत विल्यम हॉलस्टेड हे नाव फार वरचे आहे.

हॉलस्टेड १८५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मले. तिशीत ते शहरातले नावाजलेले, झपाट्याने हात चालवणारे सर्जन होते. सप्टेंबर १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांचा शोध जाहीर झाला : कोकेनचे थेंब टाकले की डोळा बधिर होतो. हॉलस्टेड यांनी एक पाऊल पुढे टाकले. औषध थेट नसेच्या मुळाशी टोचले, तर त्या नसेच्या हद्दीतला सगळा भाग बधिर व्हायला हवा, असा त्यांचा तर्क होता. सहकारी रिचर्ड हॉल यांच्यासह त्यांनी स्वतःवर आणि विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. खालच्या जबड्याची नस बधिर झाली. हाताच्या नसांवरही ते जमले.

कोकेनचे व्यसन लागते, हे तेव्हा पुरेसे कुणालाच उमगले नव्हते. दोघेही त्यात सापडले. १८८५ मधला हॉलस्टेड यांचा या विषयावरचा लेख इतका विस्कळीत आहे की लिहिणाऱ्याची अवस्था त्यातच दिसते. १८८६ मध्ये त्यांना प्रॉव्हिडन्सच्या बटलर रुग्णालयात दाखल व्हावे लागले. न्यूयॉर्कमधली कारकीर्द संपली.

मित्र विल्यम वेल्च यांनी त्यांना बाल्टिमोरला नेले. तिथे १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले. (त्याच सुमारास, परभणी ज्या निजामाच्या राज्यात होती त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, डॉ. एडवर्ड लॉरी क्लोरोफॉर्म कितपत सुरक्षित याची तपासणी करत होते.) बाल्टिमोरचे हॉलस्टेड जणू वेगळेच होते : संथ, अबोल, पेशी न दुखावता काम करणारे. जंतुनाशकाने परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांचे हात सोलवटू लागले, तेव्हा त्यांनी रबराचे पातळ हातमोजे बनवून घेतले. १८९० मध्ये दोघांचे लग्न झाले.

नस बधिर करण्याची कल्पना मात्र पुढे वाढतच गेली. कोकेनची जागा सुरक्षित औषधांनी घेतली, सुई सोनोग्राफीत पाहून नेता येऊ लागली. खुब्यासाठी आज तीन ब्लॉकची तुलना नेहमी होते. फेमोरल ब्लॉक वेदना चांगली उतरवतो, पण मांडीचा पुढचा स्नायू ढिला पडतो. फॅसिया इलियाका ब्लॉकमध्ये स्नायूवरच्या पडद्याखाली औषध पसरवतात. करायला सोपा, पण ताकद त्यातही उणावते. २०१८ मध्ये वर्णन झालेला पेंग ब्लॉक सांध्याच्या वेष्टनाकडे जाणाऱ्या बारीक शाखा गाठतो, त्यामुळे पायाचे बळ बरेचसे टिकते. चिऱ्याच्या जागची कातडी मात्र त्याने बधिर होत नाही. लवकर उभे राहायचे असलेल्या रुग्णाला हा फरक छोटा नाही.

१९२२ मध्ये अमेरिकेतल्या दंतवैद्यांनी हॉलस्टेड यांच्या मूळ कामाचा गौरव केला. त्याच सप्टेंबरमध्ये पित्तमार्गाच्या शस्त्रक्रियेनंतर ते गेले. सहकारी विल्यम ऑस्लर यांची गुप्त ठेवलेली टिपणे १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले : कोकेनची जागा मॉर्फिनने घेतली होती, आणि बाल्टिमोरमध्ये नावारूपाला आल्यावरही ते सुटलेले नव्हते.