सावित्रीबाई फुले यांचे अभयगृह

सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. १८४० मध्ये जोतीरावांशी विवाह आणि १८४८ पासून पुण्यातील मुलींच्या शाळा हा वृत्तान्त सर्वपरिचित आहे. त्यांच्या चरित्रातील बालहत्या प्रतिबंधक गृहाकडे मात्र कायद्याच्या अंगाने क्वचितच पाहिले जाते.

जोतीरावांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. मूल जन्मताच तिने लोकलज्जेस्तव त्याचा जीव घेऊन प्रेत विहिरीत टाकले. सेशन कोर्टाने तिला जन्मठेपेवर अंदमानात पाठविले.

१८६२ च्या आरंभी भारतीय दंडसंहिता अंमलात आली होती. तिच्या दृष्टीने गर्भ पाडवून घेणारी स्त्री गुन्हेगार, अर्भक टाकून देणारी आई गुन्हेगार आणि मृत अर्भकाची गुपचूप विल्हेवाट लावणारीही गुन्हेगार. परिणामी, संकटातील आईने साह्यासाठी तोंड उघडावे, तर तोच तिचा कबुलीजबाब ठरण्याची भीती. पुढे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील १३२ व्या कलमाने, सक्तीने द्याव्या लागलेल्या उत्तरावरून साक्षीदारावर खटला चालणार नाही, असे अभय दिले. पण ते साक्षीदाराला होते, आरोपीला नव्हे. आणि जातीच्या बहिष्कारापुढे त्याचा उपयोग शून्यच.

१८६३ च्या सुमारास फुले दांपत्याने आपल्या राहत्या घरीच गृह उघडले आणि ब्राह्मण वस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर छापील जाहिराती लावल्या. विधवेने गुप्तपणे यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे; नावगाव कोणी विचारणार नाही. या अभयाला कोणत्याही कलमाचा आधार नव्हता. आधार होता तो घरधनिणीच्या शब्दाचा. बाळंतपणे सावित्रीबाईच सांभाळत. चौकशी न करणे हीच येथे बालरक्षणाची पहिली अट होती, हे त्यांनी न्यायालयांच्या कितीतरी आधी ओळखले.

त्या अभयाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. १८८४ पर्यंत ३५ विधवा तेथे बाळंत झाल्या. मुले जगली ती पाचच. येण्यापूर्वी घेतलेल्या विषारी औषधांनी बाकीची दगावली, असे जोतीरावांचे निदान होते. भीती गर्भावस्थेतच आपले काम उरकून बसलेली असे.

जगलेल्यांपैकी यशवंताला १८७४ मध्ये दांपत्याने दत्तक घेतले. त्याच्या आईचे नावही काशीबाईच सांगतात, त्यामुळे दोघींची सरमिसळ पुष्कळदा होते. जोतीरावांनी १८८७ च्या मृत्युपत्रात यशवंताला वारस नेमले. तरी १८९० मध्ये त्यांच्या अंत्ययात्रेत टिटवे धरण्याच्या त्याच्या हक्कावर भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा ते सावित्रीबाईंनी स्वतः धरले.

बालन्याय अधिनियम, २०१५ च्या ३५ व्या कलमान्वये आईबाप बालकल्याण समितीपुढे मूल स्वाधीन करू शकतात, आणि ७५ व्या कलमाच्या परंतुकाने नाइलाजाने मूल टाकलेल्या जन्मदात्यांना त्या कलमाखालील शिक्षेतून वगळले आहे. फुल्यांच्या घरी जे शब्दावर चालले, ते कायद्यात उतरण्यास दीड शतक लागले.

यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात हडपसरजवळ त्याने दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तेथे पोहोचल्या. त्यातच त्यांना लागण झाली, आणि १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला.